अठ्ठ्याहत्तराव्या घरापर्यंत

"आन् तुझं यंत्र कधीच इचारत न्हाई?"

"काय विचारत नाही, बुवा?"

"का म्हणून, असं."

विरूपाक्ष हसला. "नाही विचारत. ओळ दिली की करतं. चार हजार ओळी द्या, चार हजार करतं. दमत नाही, कुरकुरत नाही."

"लई गुणाचं हाय," गैबीबुवा म्हणाले. "तुझ्यापरास."

हे ऐकून एखादा ओशाळला असता. विरूपाक्षाच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. नऊ वर्षं तो हेच ऐकायला थांबला होता.

येरळा नदीच्या काठी वेलीचा मठ आहे आणि गैबीबुवा हे त्या मठाचे सातवे बुवा. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. विरूपाक्ष कोरे हा त्यांचा शिष्य. खरं तर एके काळचा शिष्य, कारण नऊ वर्षांपूर्वी तो भांडून निघून गेला होता. आज दुपारी उगवला तो पाठीवर लॅपटॉप आणि काखेत कागदाची भलीथोरली गुंडाळी घेऊन.

भांडण झालं होतं ते घरांवरून.

मठात आठ फूट लांबीची एक सागवानी फळी आहे. तिच्यावर गेरूत बुडवलेल्या सुतानं चौकोनी घरं आखायची आणि मग प्रत्येक रेघ कोरणीनं कोरायची. घर दोन बोटं रुंद. डावीकडून उजवीकडे ऐंशी घरं. आखून झाली की बुवा फळीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "तास." मग रंधा मारून सगळी घरं पुसायची आणि पुन्हा आखायची.

दोन वर्षं विरूपाक्षानं हेच केलं. रोज विचारलं, का म्हणून? बुवा रोज म्हणाले, आख.

एके दिवशी त्यानं सूत फेकलं आणि चालू लागला. त्याला वाईट वाटलं ते बुवांनी अडवलं नाही ह्याचं.

पोरगा हुशार, त्यामुळे शहरात त्याचं अडलं नाही. पत्रा कापणाऱ्या कॉम्प्युटरी यंत्रांवर तो नोकरीला लागला आणि पुढे त्यानं स्वतःचंच एक यंत्र बांधलं. लांब मेज, मेजावर मागंपुढं आणि डावीउजवीकडे सरकणारा लोखंडी हात, हातात लेखणी. हाताला काय करायचं ते एका फाइलीत ओळीओळीनं लिहिलेलं असतं. लेखणी उचल. अमक्या घरात जा. लेखणी टेकव. तमक्या घरापर्यंत ओढ. ही फाइल हातानं लिहायची म्हटली तर महिना जाईल. विरूपाक्षानं असा प्रोग्राम रचला होता की चित्राचा फोटो द्यावा आणि चहा संपेपर्यंत फाइल तयार व्हावी.

फोटो त्यानं मठाच्या वेलीचा काढला होता, म्हणजे ज्यावरून मठाला नाव पडलं त्या शाईच्या चित्राचा. गेल्या जत्रेला गर्दीत उभा राहून, बुवांची नजर चुकवून. बुवांना दिसत नाही हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"उलगडू?" विरूपाक्षानं विचारलं.

"उलगड."

त्यानं गुंडाळी सोडली. कागद ओसरीच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत गेला. मठाचं रांधणं आणि काजळी धरून शाई घोटणं, दोन्ही बघणाऱ्या चंद्राआक्का चुलीपुढून उठून आल्या आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या.

वेल होती. मुळापासून शेंड्यापर्यंत, सात पानांची, चौकटीसकट. एक रेघ इकडची तिकडे नाही. मठातल्या वेलीच्या दुप्पट.

"आई गं," आक्का पुटपुटल्या.

"मठाच्या नकला लावतात त्या देवळांचे सभामंडप आता मोठे झालेत," विरूपाक्ष म्हणाला. "लांबून दिसायला हवी. एक आकडा बदलला, दुप्पट झाली. अकरा गावांच्या अकरा वेली एका दिवसात होतील, बुवा. तुम्हाला एकेकीला दहा दिवस लागतात. चूक असेल तर काढून दाखवा."

बुवा कागदाशेजारी बसले आणि रेघेवरून बोट फिरवत हळूहळू सरकत गेले. शेंड्यापाशी बोट थांबलं.

"चूक न्हाई," ते म्हणाले.

विरूपाक्षानं श्वास सोडला.

आता मूळ वेलीचं सांगायला हवं. चार फुटी हातकागद, दोनशे वर्षांचा. पहिल्या बुवांनी त्यावर वेल काढली आणि आपलं एक पान. पुढे प्रत्येक बुवानं ज्या दिवशी गुरूनं हातात बोरू दिला, त्या दिवशी आपलं पान काढलं. बस्स. दोनशे वर्षांत त्या कागदाला शाई लागली ती सातदा. सातवं पान गैबीबुवांचं. त्याच्या उजवीकडे शेंड्याखाली आठव्या पानाची जागा मोकळी आहे.

विरूपाक्ष त्या जागेसाठी आला होता. बाकी यंत्र, फाइल, अकरा गावं, ह्या सगळ्या गप्पा तिथपर्यंत पोचायच्या.

"बुवा," तो म्हणाला. "तुम्हाला आता दिसत नाही. मला... मला आठवं पान हवंय."

आक्कांनी पदर तोंडावरून काढला. असं तोंडानं कुणी मागत नसतं.

बुवांनी कागदावरून बोट उचललं. मग म्हणाले, "आक्का, फळी मांडल्यालीच हाय न्हवं?"

"व्हय. सकाळीच मांडलिया तुमी."

अकरा गावांसाठी वेलीच्या नकला उतरवायचे दिवस होते. फळीच्या उजव्या अर्ध्यात, एक्केचाळिसाव्या घरापासून पुढं, मूळ वेल पसरलेली. डाव्या अर्ध्यात, पहिल्या घरापासून चाळिसाव्यापर्यंत, कोरा कागद. मठात नक्कल अशीच करतात. मुळातली रेघ कोणत्या घरात आहे ते मोजायचं आणि इकडे त्याच घरात उतरवायची. ही मांडणी विरूपाक्षाच्या हाडांत मुरलेली होती. त्यानं यंत्राचं मापसुद्धा मठातल्या घरांचंच ठेवलं होतं.

"पान द्यायचं कुणाला?" बुवांनी विचारलं. "रेघ वडतंय यंत्र. मग पान यंत्राला देऊ?"

"यंत्राला कसं? यंत्राला काय कळतंय?" विरूपाक्षाला ते लागलं. "सांगणारा मी आहे. ते नुसतं ऐकतं."

"म्हंजे तू गुरू."

"तसं नाही..."

"तसंच. सांगणारा गुरू, ऐकणारा चेला." बुवा उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. "मला चांगला चेला हुता आलं न्हाई. माझ्या गुरूला मीबी लई इचारायचो. आज जमतंय का बघू."

त्यांनी आपलं घोंगडं उचललं, झटकलं आणि फळीच्या पलीकडे पसरलं.

"बस."

विरूपाक्ष जागचा हलला नाही. त्या घोंगड्यावर बुवांखेरीज कुणी बसत नसे. आक्का झाडतानासुद्धा त्याला पाय लागू देत नसत.

"बस म्हंतोय न्हवं."

तो बसला. अंग आखडून, काठाला.

आणि बुवा खाली वाकले. वाकून त्यांनी विरूपाक्षाच्या पायावर डोकं ठेवलं.

आक्का शाईची वाटी घेऊन येत होत्या, ती कलंडता कलंडता राहिली. विरूपाक्ष पाय ओढून घेऊ लागला, तर बुवांनी घोटे घट्ट धरलेले. ऐंशीच्या घरातल्या माणसाचं कपाळ त्याच्या पावलांवर टेकलं होतं आणि त्याला काय करावं ते कळेना. नको, नको, एवढंच तो बोलत राहिला.

बुवा सरळ झाले. "सांगा, म्हाराज. आज मी यंत्र. फायलीत हाय तेवढं करीन. न्हाई त्ये करणार न्हाई. का म्हणून इचारणार न्हाई."

"बुवा, थट्टा पुरे."

"थट्टा न्हाई. फाइल वाचा. पान मागितलंय न्हवं?"

ही परीक्षा आहे, हे विरूपाक्षाला कळलं, आणि कळल्याबरोबर तो सावरला. परीक्षेला तो कधी भ्यालेला नव्हता. फाइलीत चूक नाही, हे बुवांनीच आत्ता म्हटलं होतं. त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि फाइल उघडली. पडद्यावर ओळी उतरल्या. जी, एक्स, वाय ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे. चार हजार बारा ओळी.

आक्कांनी बोरू शाईत बुडवून बुवांच्या हाती दिला. वेलीची रेघ मध्ये तुटलेली चालत नाही, म्हणून ह्या बोरूच्या पोटात कापूस भरलेला असतो. एकदा शाई प्याला की अख्खी वेल होईपर्यंत सुकत नाही.

"पहिली ओळ," विरूपाक्ष म्हणाला. "बोरू उचल." मग घाईघाईनं, "उचला."

"यंत्राला आहोजाहो करतोस व्हय?"

"...उचल."

बुवांनी बोरू उचलला.

"दुसरी. उजवीकडे दुसरं घर, खाली चौथं. तिथं जा."

बुवांचं डावं बोट फळीच्या कडेनं कोरलेल्या खाचा मोजत गेलं. ज्या खाचांवरून भांडण झालं होतं, त्याच खाचा. बोरू बरोबर घरावर येऊन हवेत थांबला.

"तिसरी. टेकव."

बोरू कोऱ्या कागदावर टेकला.

"चौथी. चौकटीची वरची रेघ आहे ही. वरून चौथ्याच घरातून सरळ उजवीकडे, अठ्ठ्याहत्तराव्या घरापर्यंत ओढ."

"जी, म्हाराज."

रेघ निघाली. काळी, ओली, एकसारखी. बुवा फळीच्या कडेनं बसल्या बसल्या सरकत होते आणि डावं बोट मोजत होतं.

"तीन... चार... पाच..."

काय हात होता. दिसत नसताना इतकी सरळ रेघ. विरूपाक्ष बघत राहिला. ह्या हाताखाली शिकायचं सोडून आपण गेलो, असं त्याला क्षणभर वाटलं आणि तो खरोखर हळवा झाला.

"एकोणीस... वीस..."

अठ्ठ्याहत्तर.

आकडा त्याच्याच तोंडून गेला होता, पण कानात शिरला तो आत्ता. कोरा कागद चाळिसाव्या घराला संपतो. चौकट असते एकोणचाळिसापर्यंत. अठ्ठ्याहत्तर कुठून आलं?

दुप्पट.

लांबून दिसावी म्हणून एक आकडा बदलला होता. त्याच्या मेजावर आठ फुटी कागद असतो, तिथं काही बिघडलं नव्हतं. इथं चाळिसापुढं...

"सव्वीस... सत्तावीस..."

मूळ वेलीपर्यंत चौदा घरं होती अजून. थांबा, म्हणायला चौदा घरं पुष्कळ झाली. पण थांबा म्हणायचं म्हणजे फाइल चुकली म्हणायचं. आत्ताच छाती पुढं काढून चूक दाखवा म्हणालो, पान मागितलं, घोंगड्यावर बसलो. आक्का समोर उभ्या आहेत. आणि बुवांना का ठाऊक नाही? मूळ वेल त्यांनी सकाळी स्वतःच्या हातानं मांडलीय. ते थांबतील. कागदाच्या कडेला आले की थांबतील, हसतील, म्हणतील, बघ, यंत्र थांबलं नसतं. आपण मान खाली घालू. एवढंच शिकवायचं असणार त्यांना.

ह्या हिशेबानं तो गप्प बसला.

"अडतीस... एकोणचाळीस... चाळीस."

कागद संपला.

बोरू थांबला नाही.

"बुवा," आक्का म्हणाल्या. "कागुद सपला."

"म्हाराज सांगत्यात त्ये व्हईल, आक्का."

बोरू दोन कागदांमधल्या फटीत उतरला. लाकडावर काळा ओरखडा उमटला. मग त्याचं टोक मूळ वेलीच्या काठाला लागलं, कागद किंचित दुमडला आणि बोरू त्यावर चढला.

"एक्केचाळीस."

विरूपाक्षाचं तोंड उघडं राहिलं. दोनशे वर्षांच्या पिवळ्या कागदावर ताजी काळी रेघ सरकत होती. हे होत नाहीये, असं त्याला वाटलं. बुवा असं करणार नाहीत. कुणीच करणार नाही. डोळ्यांपुढं होत होतं आणि त्याला खरं वाटत नव्हतं.

"पन्नास... एक्कावन्न..."

"थांबा," तो म्हणाला. आवाज आलाच नाही. मग मोठ्यानं, "बुवा, थांबा."

"कितवी ओळ ही, म्हाराज?"

"ओळ नाही... मी सांगतोय. थांबा."

"फायलीत हाय?"

हात सरकतच होता. विरूपाक्ष घोंगड्यावरून पुढं झेपावला आणि बुवांच्या मनगटापाशी येऊन अडला. हिसका दिला तर रेघ भलतीकडे फाकणार, शाई सगळ्या वेलीवर उडणार. त्याची बोटं मनगटाच्या वीतभर वर तशीच राहिली.

"साठ."

रेघ सहाव्या पानातून गेली. ते गैबीबुवांच्या गुरूचं पान. देठ आणि टोक वेगळी झाली. आक्का मटकन खाली बसल्या. नुसत्या बघत होत्या, कधी बुवांच्या हाताकडे, कधी विरूपाक्षाकडे.

"एकोणसत्तर."

हे सातवं, बुवांचं स्वतःचं. बोरू त्यातून गेला तेव्हा बुवांचा ओठ जरासा हलला. हात नाही हलला. हे फक्त विरूपाक्षानं पाहिलं, इतका तो जवळ होता.

"पंच्याहत्तर... शहात्तर... सत्त्याहत्तर..."

बुवांनी श्वास घेतला.

"अठ्ठ्याहत्तर."

बोरू थांबला. आठव्या पानाच्या मोकळ्या जागेत.

बाहेर नदीच्या उतारावर कुणी म्हशींना हाकारत होतं.

बुवांचा हात तसाच होता. बोरू टेकलेलाच. उचल, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कापसातली शाई टोकाशी उतरू लागली. आधी मुगाएवढा डाग, मग हरभऱ्याएवढा. जुना कागद शाई पीत होता आणि डाग मोकळ्या जागेत चहूकडून फुटत चालला होता.

"उचला," विरूपाक्ष म्हणाला. "बुवा, बोरू उचला. पाया पडतो तुमच्या."

"कितवी ओळ?"

त्यानं लॅपटॉपकडे झडप घातली. पाचवी ओळ. डोळ्यांत पाणी आलेलं, आकडे धड दिसेनात. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि वाचलं.

बोरू उचलायचं तिथं नव्हतं. चौकट लेखणी न उचलता पुरी व्हावी अशी त्यानंच बसवली होती, वेळ वाचावा म्हणून. पाचवी ओळ होती, सरळ खाली, चोपन्नाव्या घरापर्यंत. मूळ वेलीचा कागद वरपासून खालपर्यंत कापत, फळी ओलांडून. सहावी ओळ, डावीकडे परत. सातवी, वर. उचल होती आठवीत.

वाचलं तर वेल जाते. न वाचलं तर डाग पसरतो.

तो वर बघू लागला, काहीतरी सांगा म्हणून. नऊ वर्षांपूर्वी रोज बघायचा तसा. पण समोर बुवा नव्हतेच. समोर मान खाली घालून, हात टेकवून, एक चेला हुकमाची वाट बघत बसला होता.

"बुवा... तुम्हाला दिसत होतं ना? तुम्हाला माहीत होतं ना?"

बुवांची मान खालीच होती.

डाग आवळ्याएवढा झाला. त्याची एक कड सातव्या पानाकडे निघाली. विरूपाक्षाच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता आणि बोट पाचव्या ओळीवर होतं. त्याला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. हे मी केलं, एवढं एकच वाक्य डोक्यात होतं.

बुवांनी मान वर केली. पांढरट डोळे नेमके त्याच्या तोंडावर लागले. आवाजात राग नव्हता, थट्टा नव्हती.

"पुढची ओळ वाचा, म्हाराज."